केस कापतो, काडी नाही

वसंतनानांच्या सलूनमध्ये खुर्चीवर पोस्टमन बसले होते. अर्धा गाल साफ, अर्ध्यावर फेस. नाना त्यांना तसंच सोडून माझा चाकू घासत होते. पोस्टमननी दोनदा घसा खाकरला.

"थांबा हो," नाना म्हणाले. "तुमची दाढी उद्याबी हायच. हिला सकाळी चाकू लागतोय."

पोस्टमननी आरशातून माझ्याकडे बघितलं. गालावरचा फेस वाळून त्याला भेगा पडत होत्या. मला हसू आलं. एकदा आलं की मला ते थांबवता येत नाही. तेव्हा येत नव्हतं, आता चाळिशी ओलांडली तरी येत नाही.

नानांनी चाकू चामड्याच्या पट्ट्यावर फटाफट फिरवला, बाही कोपरापर्यंत सरकवली आणि स्वतःच्या हातावरचे केस भादरले. एका फटक्यात टक्कल. आता हा वस्तरा झाला, जा, म्हणाले.

खरंच झाला होता. मी पळत घरी आले, ओट्यावरच्या ढिगातून द्राक्षाची काडी उचलली आणि कापली.

चमचा.

म्हणजे सपाट काप यायला हवा होता तिथे मधोमध खोलगट, कडेला उंच. त्यात मध घालून चाटता आला असता.

आधी हे सांगायला हवं की काडीचं काय असतं. ऑगस्टमध्ये आमच्या तासगावकडे द्राक्षाची कलमं करणाऱ्या टोळ्या बागेबागेतून फिरतात. जमिनीत जंगली वेलाचा खुंट असतो. तो गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटायचा, मधे उभी चीर द्यायची, चांगल्या द्राक्षाची दोन डोळ्यांची काडी पाचरीसारखी दोन्ही बाजूंनी तासायची, चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. काडी आणि खुंट यांच्यामध्ये हवा राहिली की काडी वाळते. पाचर सपाट असली की हवा राहत नाही. एवढंच. त्या एवढ्यावर सगळं चालतं.

आमच्या टोळीत गडी कापायचे आणि बाया पट्टी बांधायच्या. का, ते कुणी विचारलेलं नव्हतं. मी चार वर्षं पट्टी बांधली, आईच्या शेजारी, एकाच ओळीत. मग गुरुवारी आमचा एक कापणारा, तुकाराम, मोटरसायकलवरून पडला आणि मनगट मोडून बसला. चाकूची एक जागा रिकामी झाली. मी ज्ञानूअण्णा मुकादमांना म्हटलं, मी कापते.

अण्णा खूप वेळ हसले. मग मी हसत नाही हे बघून थांबले. सोमवारी सकाळी, म्हणाले, माळ्यांच्या बागेत दहा काड्या कापून दाखव. एकेक उन्हाला धरून बघणार. फटीतून उजेड दिसला की परत पट्टी, आणि हा विषय परत काढायचा नाही. मग माझा भाचा कवठ्यात बसलाय, त्याला बोलावतो.

मी एकवीस वर्षांची होते. मला ती जागा हवी होती. इतकी, की गुरुवारपासून मला जेवण जात नव्हतं आणि झोपेत उजव्या हाताची बोटं हलत होती.

आता चाकू.

शुक्रवारी आईनं तो माझ्यापुढे ठेवला. रुमालात गुंडाळलेला, घडीचा, तांबूस लाकडी मूठ, बंद करताना टक् असा आवाज. कुठून आणलास म्हटलं तर मिळाला म्हणाली. कधी म्हटलं तर भात लागतोय बघ म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी मी तो अण्णांना दाखवला. त्यांनी उघडला, धार खाली धरली, एक डोळा मिटून पात्याकडे बघितलं. कलमाच्या चाकूला धार एकाच अंगाला असते. एका बाजूला उतार, दुसरी बाजू आरशासारखी सपाट. ती सपाट बाजू काडीला लागते, म्हणून काप सपाट येतो. अण्णांनी पातं दोनदा उलटंसुलटं केलं.

"ह्याला उलट्या अंगानं घासलाय कुणीतरी," ते म्हणाले. "दुकानातच येड्यानं बिघडवलाय. नीट करून घे, वैजे."

आई शेजारी उभी होती. ती पट्ट्यांच्या बंडलाची गाठ सोडवायला लागली.

तर मी नीट करून घ्यायला निघाले.

नानांचा चमचा तुम्हाला सांगितला. नानांनी धार नाजूक केली होती, आणि अण्णांचं म्हणणं मी सांगितलं म्हणून सपाट बाजूलाही थोडा उतार काढला होता. तिथून मी रशीदचाचांच्या मटणाच्या दुकानात गेले. रविवार, दारात नऊ माणसं. चाचांनी चाकू हातात घेतला आणि सुरा ठेवून दिला. न्हाव्याचं काम आहे हे, म्हणाले, केसापुरतं. लाकडाला दोन्हीकडून धार लागते. आणि लोखंडी कांबीवर इकडून एक तिकडून एक, इकडून एक तिकडून एक. रांगेतल्या माणसांचे दोन गट पडले. एक गट म्हणे, एकाच बाजूनं घासा. दुसरा म्हणे, चाचांना शिकवू नका. एक म्हातारी म्हणाली, आधी मला पाव किलो द्या आणि मग रात्रीपर्यंत घासत बसा. चाचांनीही बाही सरकवली. चाचांचाही हात भादरला गेला.

घरी. काडी. आता चमचा नाही, आता पायरी. चाकू आत घुसायचा आणि मधेच बाहेर उसळायचा.

आई अंगणात उद्यासाठी प्लॅस्टिकच्या पट्ट्या फाडत बसली होती. तिनं काडी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि पट्टी जरा जोरात फाडली.

वेल्डिंगवाल्या बाजीकडे मी जायला नको होतं. त्यानं नुसतं बघू म्हटलं आणि मशीन सुरू केलं. ठिणग्या उडाल्या, छान दिसत होत्या, माझं टाळ्या वाजवायचंच बाकी होतं. मग त्यानं चाकू बाहेर काढला तर टोक निळं. मोरपिशी निळं. दोघं बघत राहिलो. बाजी म्हणाला, टोक तसंही लागत नाही. मग बाही सरकवली.

निळ्या टोकाचा चाकू घेऊन मी रस्त्यानं हसत चालले होते. कशाला हसत होते माहीत नाही. उद्या सकाळी माझं काही खरं नव्हतं आणि तरी गावातली तीन माणसं एका हातानं टकली झाली होती, हे डोक्यातून जाईना. पवार गुरुजी ओट्यावर पेपर वाचत होते. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. गुरुजी आत गेले आणि कंपासपेटी घेऊन आले.

कोनमापक लावून त्यांनी धारेचा कोन मोजला. एका बाजूला अठरा अंश, दुसऱ्या बाजूला कुठे अकरा, कुठे चौदा, कुठे सव्वीस. सव्वीस बाजीचे असावेत. गुरुजी चष्मा काढून म्हणाले, हा एक चाकू नाहीच, हे चार चाकू आहेत आणि चौघांचं एकमेकांशी पटत नाही. मग त्यांनी स्वतःचा पाचवा काढला. चहाच्या कपाच्या बुडावर, जिथे चिनीमाती खरखरीत असते, तिथे. वीस अंश. अगदी मोजून.

गुरुजींच्या हातावर केस नव्हते. म्हणून माझ्या हातावरचे काढले.

चार वाजता मी अंगणात होते. माझ्यापुढे काड्यांच्या सालींचा ढीग, हातात केस कापणारा आणि काडी न कापणारा चाकू. मी कापत होते. चमचा. पायरी. चमचा. एक तर अशी आली की तिला दोन्हीकडून वेगवेगळे चमचे. मी ती आईला दाखवली आणि मला हसू फुटलं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पाणी येतच राहिलं आणि हसू कधी संपलं ते मला कळलं नाही.

आईच्या हातातली पट्टी तुटली.

"त्या हातात नको," ती म्हणाली.

मला वाटलं, चाकूच नको म्हणतेय. मी तो खाली ठेवला.

"त्या हातात नको म्हणतोय मी. दुसऱ्या हातात धर."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पट्ट्यांकडे बघत होती. आणि पट्ट्यांकडे बघतच तिनं सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी बचत गटाच्या बसनं ती सांगलीला शेतीच्या प्रदर्शनाला गेली होती. तिथे एका मांडवात असले चाकू मांडले होते. तिनं एक दाखवा म्हटलं. विकणाऱ्या पोरानं विचारलं, उजव्या हाताचा देऊ का डाव्या. तिला वाटलं, थट्टा करतोय. मग त्यानं दोन्ही समोर ठेवले. एकाचा उतार इकडे, दुसऱ्याचा तिकडे. ती तिथेच उभी राहिली. बसचा हॉर्न वाजला तरी उभी राहिली.

"मला म्हाईतच नव्हतं गं, असं काय मिळतंय म्हणून," आई म्हणाली. "मला वाटलं, डावं ते नुसतं मोडायचं असतंय."

मी पाटीवर डाव्या हातानं अक्षरं काढायची तेव्हा तिनं माझा डावा हात जुन्या लुगड्याच्या काठानं पाठीशी बांधला होता. दोन महिने. तिची सासू, म्हणजे माझी आजी, म्हणाली होती, असल्या पोरीला कोण करून घेणार. मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी उजव्या हाताचीच आहे, असंच मला वाटायचं. आईला मात्र लुगड्याचा रंगही आठवत होता. आणि गेली चार वर्षं ओळीत माझ्या शेजारी उभं राहून ती बघत होती की सगळ्यांच्या पट्ट्या एकीकडे फिरतात आणि माझ्या दुसरीकडे. मी बांधलेले वेल तिला दहा ओळी लांबून ओळखू यायचे.

"आठ महिने ठेवलास कुठे?"

"ज्वारीच्या डब्यात."

"आणि काल अण्णांसमोर का नाही बोललीस?"

"तू आपली आपण डाव्या हातात धरशील असं वाटलं. मग अण्णा म्हणला उलटा हाय. नाना म्हणला उलटा हाय. चाचा बी तेच. मग मलाच वाटाय लागलं, मीच काय तरी उलटं आणलं."

मग मी म्हटलं, बाजीनं टोक निळं केलंय त्याचं. आई म्हणाली, बघितलं. आणि ती हसली. माझ्याहून वाईट हसते ती. शेजारच्या काकी भिंतीवरून डोकावल्या, काय झालं विचारलं, आम्हाला सांगता येईना, त्या परत गेल्या.

मी चाकू डाव्या हातात धरला. हात आपोआप बंद झाला त्याच्यावर. पण काप अजूनही वाकडाच आला. उसळत नव्हता, घसरत होता. सपाट असायला हवी त्या बाजूला चार माणसांनी चार उतार काढून ठेवले होते. ते सगळे घालवून ती बाजू परत सपाट करायची, तर हाताशी दोन-अडीच तासांचं ऊन होतं.

मी नानांकडे दगड मागायला गेले. कुठली बाजू घासणार, त्यांनी विचारलं. मी सांगितलं आणि चाकू डाव्या हातात धरून दाखवला. नानांनी तो माझ्या हातातच उलटून बघितला. मग त्यांनी दगड दिला, वर चामड्याचा पट्टाही दिला, आणि हळू आवाजात म्हणाले, पातं अजिबात उचलायचं नाही, बोटं ठेवून नुसतं सरकवायचं. मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाले की माझं नाव सांगू नको कुणाला.

दगडावर पाणी, पाण्यावर पातं, पात्यावर दोन बोटं. सरकव. सरकव. पण आपण कुठे पोचलो ते कळायचं कसं? सगळंच चकचकीत दिसतं. आईनं आतून काजळाची डबी आणली आणि सपाट बाजूला धारेपर्यंत काजळ फासलं. मग घासायचं आणि बघायचं. जिथे काजळ गेलं तिथे दगड लागतोय. जिथे राहिलं तिथे अजून कुणाचा तरी उतार आहे. आधी काजळ मधून गेलं. धारेशी एक काळी रेघ राहिली. पुन्हा फासलं. रेघ बारीक झाली. आई घासायची तेव्हा मी बघायचे, मी घासायचे तेव्हा ती. हा नाना गेला, ती म्हणायची. हा चाचा गेला. गुरुजी लवकर गेले, त्यांचं काम नाजूक होतं. बाजी काही जाईना.

दिवेलागणीच्या जरा आधी काजळ धारेच्या टोकापर्यंत पुसलं गेलं. सगळीकडे. मग उताराच्या बाजूनं थोडंसं, मग धारेला केसासारखी तार राहते ती पट्ट्यावर काढून टाकली. आईच्या एका हातावरचे केस आम्ही आधीच घालवले होते, आता दुसऱ्या हातावरचेही घालवले.

मी डाव्या हातानं काडी कापली.

तो आवाज मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. आवाज नव्हताच खरं तर. काडी होती आणि मग तिचा काप होता, ओला, हिरवट पांढरा, सपाट. आईनं तो नखानं चाचपला. माझ्याकडे दिला. मी चाचपला. परत तिच्याकडे दिला. मग आम्ही उरलेला सगळा ढीग कापून टाकला, नुसत्या हौसेनं, अंधार पडेपर्यंत.

सोमवार.

माळ्यांच्या बागेत पहिल्या वेलाला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. अण्णा, तिघे कापणारे, आठ बाया. माळीकाकूही बघायला आल्या होत्या. बाई कापणार ही बातमी वस्तीपर्यंत गेली होती. अण्णांनी मला दुसऱ्या ओळीचा पहिला वेल दाखवला. मी चाकू उघडला. टक्.

"हात बदल," अण्णा म्हणाले.

मी बदलला नाही. माळीकाकू म्हणाल्या की आज पहिलाच दिवस आहे, नवी बाग आहे, डाव्या हातानं नको. त्यांचंही बरोबर होतं. कलमं फसली तर त्यांच्या बागेचं अख्खं वर्ष वाया जाणार होतं. अण्णा माझ्याकडे हात पुढे करून उभे राहिले. चाकू दे, म्हणजे संपलं, असा तो हात होता.

आई पट्ट्यांचं बंडल काखेत धरून पुढे आली.

"अण्णा, आधी काडी बघा," ती म्हणाली. "हात मग बघा."

टोळीतल्या नऊ वर्षांत आई अण्णांशी इतकं बोलली नव्हती. अण्णांनी हात खाली घेतला.

मी कापली. एक बाजू, दुसरी बाजू. खुंटाला चीर दिली, काडी बसवली. अण्णांनी ती परत उपसून काढली, पूर्वेला तोंड केलं, दुसऱ्या चाकूचं सपाट पातं पाचरीला लावून दोन्ही मिळून उन्हाला धरली. एक डोळा मिटला. बाया पट्ट्या धरून उभ्या. मला पोटातून हसू यायला लागलं, भीतीचं, आणि मी ओठ चावून धरले.

त्यांनी दुसऱ्या वेलाकडे बोट केलं.

दुसरी. तिसऱ्या काडीत मी घाई केली. अण्णा बघायच्या आधीच मला कळलं, मीच ती फेकली आणि नवी घेतली. चौथी, पाचवी. आठव्या काडीला त्यांनी उन्हाला धरणं सोडलं, नुसतं अंगठ्यानं चाचपलं. दहावीला हातही लावला नाही.

"बघू दे चाकू," ते म्हणाले.

त्यांनी तो उजव्या हातात धरला आणि काडी कापली. वीस वर्षं काड्या कापत आलेला माणूस.

चमचा.

अण्णांनी चमच्याकडे बघितलं. दुसरी काडी घेतली. चमचा. हा चाकू बिघडलाय, ते म्हणाले. बाकीच्या तिघांनी मागून घेतला. चमचा, पायरी, आणि एकाचा तर अंगठाच कापायचा राहिला. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, मग पदर काढून हसायला लागल्या. माळीकाकूंनी मागितला, त्यांनीही एक चमचा काढला आणि खूश होऊन तो पदराला बांधला. चाकू फिरत फिरत माझ्याकडे आला. मी डाव्या हातानं एक कापली. सपाट.

अण्णा अजून त्यांच्या चमच्याकडे बघत होते.

"ही ओळ तुझी," ते म्हणाले. "पट्टी कोण बांधणार तुझी?"

आई आधीच वेलापाशी गुडघ्यावर बसली होती.

एका वाजता जेवायला बसलो. कापणारे बांधावरच्या लिंबाखाली बसायचे, बाया ओळीच्या तोंडाशी, मधे पंधरा-वीस पावलं. मी सवयीनं बायांकडे निघाले, तेव्हा अण्णांनी लिंबाखालून हाक मारली आणि शेजारची जागा हातानं झटकली. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, जा की. मी डबा घेऊन गेले. चार पुरुषांमध्ये मांडी घालून बसले. मी डबा उघडला, भाकरी घेतली आणि तोडली.

"वैजे," आई पलीकडून ओरडली. अख्ख्या बागेला ऐकू जाईल असं. "जेवताना तरी उजव्या हातानं जेव."

अण्णा ठसका लागेपर्यंत हसले. सगळे हसले. मी हातातल्या भाकरीकडे बघितलं, डाव्या हातातल्या, आणि पहिल्यांदाच मला कळलं की ती आपण त्या हातात घेतलीय.

तशीच खाल्ली. आईनं दुसऱ्यांदा सांगितलं नाही.